बँकॉकच्या गेस्टहाउसआधी मेडिक्लेमचा हप्ता भरा

मनीषनगरच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय 63, हिंगणा एमआयडीसीतल्या नोकरीतून निवृत्त. पत्नीचा उजवा गुडघा बदलायचा आहे आणि मुलगी बँकॉकला असल्याने शस्त्रक्रिया तिथेच ठरते आहे. खर्च साडेनऊ लाख. मुलीचं घर लहान, म्हणून नंतरचे 21 दिवस दुसरीकडे राहायचं. नर्सची सोय असलेलं साडेसहा हजार रोजाचं गेस्टहाउस घ्यावं की तीन हजारांचं साधं हॉटेल, एवढाच त्यांचा प्रश्न. पत्राच्या शेवटी मात्र लिहिलंय, "मेडिक्लेम यंदा बंद केला. नऊ वर्षांत एक क्लेम नाही, 48 हजार वायाच जातात. ते पैसे बँकेच्या गॅरंटीड पॉलिसीत वळवले."

बँकॉकला जायचंच असेल तर गेस्टहाउस घ्या. फरक पाऊण लाखाचा आहे. पण बाथरूमचा उंबरा, कमोडची उंची आणि धरायला भिंतीवर दांडी आहे का, याचे फोटो मागवूनच बुकिंग करा. ट्रॅव्हल इन्शुरन्सच्या भरवशावर राहू नका, ठरवून केलेली शस्त्रक्रिया त्यात बसत नाही.

आता त्या शेवटच्या ओळीबद्दल. सोबतच्या नोटिशीवर नूतनीकरणाची तारीख 4 आहे आणि तुमचं पत्र त्याच महिन्याच्या 23 तारखेचं. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची मुदत मिळते, म्हणजे दार अजून उघडं आहे! हे उत्तर छापून येईपर्यंत थांबवेना, म्हणून त्याच दिवशी तुम्हाला ईमेल केला. मुदतीत हप्ता भरला तर नऊ वर्षांची सलगता टिकते. एक दिवस उलटला तर नवी पॉलिसी, आणि आधीपासूनचं दुखणं म्हणून गुडघ्याला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल.

नागपुरात चांगल्या खासगी रुग्णालयात एका गुडघ्याचे साधारण अडीच-तीन लाख होतात. 2017 पासून गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर सरकारी मर्यादाही आहे. तुमचं कव्हर दहा लाखांचं. ज्या वर्षी ते खरोखर लागणार, त्याच वर्षी तुम्ही ते सोडताय आणि परदेशात साडेनऊ लाख खिशातून घालताय. तुमची सगळी पुंजी 38 लाख, पेन्शन नाही. मुलीलाच दोन आठवडे रजा घेऊन बोलवा. तुमचं घर दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही ही अडचण खरी आहे. त्यासाठी धंतोली-रामदासपेठेत तळमजल्याची खोली तीन आठवडे घ्या. रोजचे अडीच हजार धरले तरी बावन्न-त्रेपन्न हजारांत वहिनींची नीट सोय होईल.

आणि ती गॅरंटीड पॉलिसी. दरवर्षी दोन लाख असे दहा वर्षं भरायचे, मग वयाच्या 74 पासून दहा वर्षं दरवर्षी 3 लाख 40 हजार मिळायचे. बँकेतल्या माणसाने 20 लाखांवर 17 टक्के सांगितले. मधली वर्षं त्याने हिशेबातच धरली नाहीत. धरली तर साडेचार टक्क्यांच्या आसपास पडतात. निवृत्त माणसाला हे विकणं मला सहन होत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 8.2 टक्के आहेत, करपात्र असले तरी व्याज दर तिमाहीला हातात येतं. दोन हप्ते गेले, तिसरा भरू नका. सरेंडर केल्यास, म्हणजे पॉलिसी मोडल्यास किती आणि पेड-अप, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवल्यास किती, हे दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी घ्या आणि मला पाठवा. चार लाखांतले काही बुडतील, पण पुढचे सोळा वाचतील.

मेडिक्लेमची पावती मिळाली की तारखेसकट कळवा. मी वाट पाहतोय.