वाचकांचे प्रश्न : दोन देशांचा प्लायवूड व्यापार एका मापात

प्रश्न : आमचे जालन्यात प्लायवूडचे दुकान आहे. मुलगी एम.कॉम.च्या प्रकल्पासाठी इंडोनेशिया आणि चीनच्या प्लायवूड निर्यातीची 1990 पासूनची तुलना करते आहे. फाओस्टॅट (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे आकडे) आणि कॉमट्रेड (संयुक्त राष्ट्रांचे व्यापाराचे आकडे) या दोन्हींवरून आकडे उतरवले, पण चीनचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. काय तपासावे?

उत्तर : आधी देशाची नोंद बघा. फाओस्टॅटमध्ये नुसता 'चीन' निवडला की त्यात हाँगकाँग, मकाव आणि तैवानही मिसळतात. कॉमट्रेडमधला चीन म्हणजे फक्त मुख्य भूमी. दोन्हीकडे मुख्य भूमीच घ्या.

मग मालाचा कोड, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारात प्रत्येक मालाला दिलेला एचएस क्रमांक. प्लायवूड, ब्लॉकबोर्ड हे सगळे 4412 मध्ये येते. तुमच्या दुकानात शेजारीच रचलेला एमडीएफ 4411 मध्ये, पार्टिकल बोर्ड 4410 मध्ये आणि फ्लश डोअर 4418 मध्ये जाते. ते यात धरायचे नाही. या कोडांच्या 2022 च्या फेररचनेत 4412 च्या आतले उपकोड बदलले आणि ब्लॉकबोर्डचा जुना 4412.94 गेला. त्यामुळे सहा अंकांवर मालिका मधेच तुटते. चार अंकांवरच राहा.

तुलना डॉलरमध्ये करू नका. इंडोनेशियाचा माल बराचसा मेरांटीसारख्या उष्णकटिबंधीय लाकडाचा, चीनचा पॉप्लरचा; त्यामुळे भावात पडणारा फरक आकारमानाचा म्हणून दिसू लागतो. घनमीटर घ्या. कॉमट्रेडवर काही वर्षांचे नुसते किलोच मिळाले, तर 1 घनमीटरला 650 किलो धरून भागा. दुकानातच ताळा घेता येईल : 8 बाय 4 ची 18 एमएम शीट म्हणजे 2.44 × 1.22 × 0.018, अर्थात 0.0536 घनमीटर. या हिशोबाने तिचे वजन 35 किलोच्या आसपास भरते. पॉप्लरची थोडी हलकी. जिथे किलो आणि घनमीटर दोन्ही आहेत, तिथे किलोंना घनमीटरने भागून बघा; उत्तर 650 च्या आसपास यायला हवे. उत्तर 65 किंवा 6500 आले, तर नोंदीतच शून्याची किंवा एककाची चूक आहे. ते वर्ष बाजूला काढा.

दुसरा ताळा खरेदीदाराकडून घ्या. इंडोनेशियाने जपानला पाठवलेले आणि जपानने इंडोनेशियाकडून घेतलेले घनमीटर जवळपास जुळायला हवेत. जपानच्या बाजूची किंमत जास्तच दिसणार, कारण आयातीच्या आकड्यात बहुधा भाडे आणि विमा धरलेला असतो. डिसेंबरात निघालेले जहाज पुढच्या वर्षात नोंदले जाते, म्हणून एका वर्षावर अडून बसू नका. तीन वर्षांची सरासरी काढा.

आलेख काढताना 1990 ला 100 धरून निर्देशांक करण्याचा मोह होतो. इथे तो फसवा आहे. इंडोनेशियाने 1985 मध्ये ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली आणि 1990 ला त्यांचा प्लायवूड उद्योग ऐन भरात होता; चीन तेव्हा स्वतः प्लायवूड आयात करत होता. पाया इतका लहान की चीनची रेघ आभाळाला टेकते आणि इंडोनेशियाची सपाट दिसते. सरळ घनमीटरच मांडा, उभा अक्ष लॉग प्रमाणाचा, म्हणजे सारख्या अंतरावर 1, 10, 100 अशी दहापट वाढणारा, ठेवा.

प्रश्न : भारताचे आकडे एप्रिल ते मार्चचे मिळतात. दुसऱ्या देशाशी कसे जुळवायचे? (नांदेड)

उत्तर : महिनावार आकडे मिळाले तर जानेवारी ते डिसेंबर अशी बेरीज करा. नाहीतर 2022 साठी 2021-22 चा पाव आणि 2022-23 चा पाऊण हिस्सा घ्या. नेपाळशी तुलना असेल तर जपून, त्यांचे आर्थिक वर्ष जुलैच्या मध्यावर सुरू होते.