बाहेर राहिलेला तुकडा घासू देऊ नका

तुमची पोस्ट वाचली आणि मॅनिफोल्डचा (इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणारा बिडाचा भाग) तो फटफट आवाज कानात वाजायला लागला. मला समजलं ते असं: गाडी जुनी मारुती आठशे, मुक्काम रत्नागिरी, एक्झॉस्टचं गॅस्केट फुटलं म्हणून मॅनिफोल्ड उतरवायला घेतला. बाकीचे नट निघाले, पण टोकाच्या नटाला पाना लावल्यावर नट राहिला बाजूला, स्टडच (ज्यावर नट बसतो तो आट्यांचा दांडा) तुटला. तीन-चार मिमी तुकडा हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, बाहेर आहे. मेकॅनिक म्हणतोय, ग्राइंडरने सपाट करतो, मधोमध भोक मारतो आणि ईझी आऊट (भोकात रुतवून तुटका बोल्ट उलटा फिरवायचं निमुळतं हत्यार) घालून काढतो. करू देऊ का, हा तुमचा प्रश्न.

नका करू देऊ. निदान या क्रमाने तरी नको.

मी व्यवसायाने मेकॅनिक नाही, जुन्या गाड्यांचा नाद आहे इतकंच. तुमची गाडी मी पाहिलेली नाही, त्यामुळे प्रत्यक्ष बघणाऱ्या चांगल्या माणसाचं मत माझ्यापेक्षा वरचढ धरा. बॅटरी सोडवणं, पोर्टमध्ये चिंध्या कोंबणं वगैरे गोष्टी तुमचा माणूस करेलच, त्या लिहीत नाही.

ईझी आऊट हे हत्यार वाईट नाही. पण ते कशासाठी आहे ते बघा. जास्त आवळल्यामुळे डोकं उडालेला, आत मात्र सैल असलेला बोल्ट त्याने मजेत निघतो. तुमचा स्टड तसा तुटलेला नाही. तो गंजून धरलाय. हेड ॲल्युमिनियमचं, स्टड पोलादी. दोन वेगळे धातू, त्यात दमट खारी हवा, मग ॲल्युमिनियमचा पांढरा भुगा आट्यांमध्ये तयार होतो. तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो आणि स्टड सुजलेल्या बोटातल्या अंगठीसारखा अडकतो. आता हिशेब करा. आठ मिमीचा अख्खा स्टड जो जोर लावल्यावर फिरला नाही, पिळून तुटला, तो त्याच्या पोटात घातलेल्या चार मिमीच्या ईझी आऊटने कसा फिरणार? ईझी आऊट कडक पाणी दिलेलं असतं. ते वाकत नाही, एकदम तुटतं. शिवाय निमुळतं असल्यामुळे ठोकून बसवताना पोकळ झालेल्या स्टडला आतून फुगवतं, म्हणजे आट्यांमधली पकड उलट वाढते.

आणि एकदा ते आत तुटलं की खेळ संपला. साधं हाय-स्पीड स्टीलचं (एचएसएस) ड्रिल त्याच्यावर नुसतं घसरतं आणि बाजूच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरतं. त्याहून कडक कार्बाइडचं ड्रिल हातातल्या मशीनवर धरलं तर जराशा थरथरीने त्याचाच तुकडा पडतो.

हे मला कसं माहीत, तर माझ्या गाडीत नेमकं हेच झालं. गल्लीतल्या गॅरेजात नाही बरं का. काचेच्या दारांच्या, एसी वेटिंग रूमच्या, मशीनची कॉफी देणाऱ्या वर्कशॉपमध्ये. नाव लिहीत नाही, विचारूही नका. स्टड तुटला हे त्यांनी मला सांगितलंच नाही. ईझी आऊट आत तुटलं, तेही नाही. त्या भोकावर राखाडी सीलंट थापलं, मॅनिफोल्ड उरलेल्या स्टडवर आवळला, गाडी धुऊनबिऊन चकचकीत करून हातात दिली. थोडे दिवस आवाज बंद राहिला, मग पुन्हा सुरू. ओळखीच्या मिस्त्रीने मॅनिफोल्ड उतरवून बोटाने सीलंट खरवडलं तेव्हा भोकाच्या तळाशी पोलादाचा तुटका, चकाकणारा ठिपका दिसला. स्टडचं गंजकं लोखंड असं चकाकत नाही. मिस्त्री काही बोललाच नाही, नुसतं माझ्याकडे बघून हसला.

परत वर्कशॉपला गेलो तर सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला, "सर, गाडी जुनी आहे, असं होतंच, आता हेड बदलावं लागेल." एस्टिमेट वीस हजारांच्या वर. मी जुनं जॉब कार्ड काढायला लावलं. त्यावर 'स्टडची स्थिती ग्राहकास सांगितली' अशी ओळ होती, आणि खाली माझी सही! सही माझीच होती, गाडी सोडताना घेतलेली. ओळ नंतर लिहिलेली होती, वेगळ्या पेनाने. हे सिद्ध कसं करणार? मॅनेजर मीटिंगमध्ये, मग रजेवर, मग बदली होऊन गेलेला. इन्शुरन्सवाल्याने झीज आणि यांत्रिक बिघाड पॉलिसीत येत नाही म्हणून एका वाक्यात वाटेला लावलं. तो मात्र नियमाने बरोबर होता.

म्हणून तुम्ही कुठेही काम करा, जॉब कार्डचा फोटो सही करतानाच काढून ठेवा, रिकाम्या ओळी आडवी रेघ मारून बंद करा, आणि 'काही तुटल्यास पुढचं काम फोनवर विचारल्याशिवाय करू नये' असं स्वतःच्या हाताने लिहा. लोक हसतात. हसू दे. प्रकरण पुढे गेलंच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, दोन वर्षांच्या आत करावी लागते. असो, हा विषय निघाला की मी थांबत नाही.

तर तुमचा तुकडा. ते बाहेर राहिलेले तीन-चार मिमी ही तुमची सगळी पुंजी आहे. ग्राइंडर त्याच्या जवळपासही नको. पकडीनेही चावायचं नाही, पकड लावून तो गोल होतो आणि उरलेलाही तुटतो.

सीओटू वेल्डिंग करणारा चांगला माणूस बोलवा. चांगला म्हणजे गेट आणि ग्रिल करणारा नव्हे, बॉडीशॉपमधला, बारीक काम करणारा. तुकडा तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करायचा. त्याच्यावर आधी एक जाड वॉशर, मग १० मिमीचा साधा नट ठेवायचा. नट झिंक चढवलेला नसावा, त्याचा धूर वाईट आणि वेल्डही नीट धरत नाही. नटाच्या पोटात तळापासून वेल्ड भरत आणायचं, स्टडच्या माथ्यावर नीट मुरलं पाहिजे. ॲल्युमिनियमला पोलादाचं वेल्ड चिकटत नाही, त्यामुळे हेडला डाग पडला तरी घाबरू नका. खरं काम वेल्डच्या उष्णतेचं आहे. स्टड तापून फुगतो, थंड होताना आकसतो, आणि ती गंजाची पकड तडकते. लाली गेली की मेणबत्ती टेकवा, मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. मग रिंग पान्याने हळूच. आधी आवळायच्या दिशेने किंचित, मग सोडायच्या दिशेने, परत आवळायच्या. हाताला तो 'कट्' जाणवला की जिंकलात, तरी घाई नको, थोडं पुढे थोडं मागे करतच बाहेर आणा. नट तुटून हातात आला तर दुसरा लावा. दोन-तीन नट तुटले म्हणून वेल्डरला रागावू नका, प्रत्येक वेळच्या तापण्याने काम पुढेच सरकतं.

एक धोका सांगायलाच हवा. वेल्डिंगच्या आधी तुकडा ब्रेक क्लीनरने धुवायची सवय असते. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतं, ते तापलं की फॉस्जीन तयार होतो, आणि तो जीव घेणारा वायू आहे. साबणाच्या पाण्याने धुवा, सुकू द्या. आधी गंज सोडवायचं तेल मारलं असेल तर तेही पुसून घ्या, ते पेट घेतं. पेट्रोलचा पाइप जवळून जात असेल तर सोडवून बाजूला, आणि विझवायचं साधन हाताशी.

तेलाचा विषय निघालाय म्हणून: बाटलीवर काय लिहिलंय त्यापेक्षा ते किती वेळ मुरलं याला महत्त्व आहे. रात्रभर, मध्येमध्ये हलके ठोके देत. मी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन निम्मंनिम्मं वापरतो. ते दोन थर वेगळे होतात, म्हणून दरवेळी हलवून घ्यावं लागतं. आगीपासून लांब.

नट वेल्ड करून जमलंच नाही, किंवा तुमच्या माणसाने हे वाचायच्या आधीच घासून सपाट केलं असेल, तर ड्रिल. इथे सगळा जीव मधोमध असण्यात आहे. पोलाद कडक, भोवतालचं ॲल्युमिनियम मऊ, ड्रिल जरा कलंडलं की मऊ बाजूला पळतं. लेथवाल्याकडून एक छोटं बुश (पोकळ नळकांडं) करून घ्या, बाहेरून मॅनिफोल्डच्या भोकात घट्ट बसणारं, मध्ये ३ मिमीचं भोक. मॅनिफोल्ड बाकीच्या स्टडवर तात्पुरता आवळायचा, बुश त्या भोकात सरकवायचं आणि त्यातून ड्रिल मारायचं. ड्रिल हलायला जागाच राहत नाही. लेथवाला चहाच्या वेळात करून देतो.

ड्रिल शक्यतो लेफ्ट हँड घ्या, सोडायच्या दिशेने फिरणारं. कधीकधी भोक पाडता पाडताच तुकडा त्याच्याबरोबर फिरून बाहेर येतो. मुंबईत नागदेवीला, पुण्यात बोहरी आळीत विचारा. पायरीपायरीने ६.५ मिमीपर्यंत वाढवा. आठ मिमीच्या सव्वा पिचच्या (दोन आट्यांत सव्वा मिमी अंतर) आट्यांचा आतला व्यास साधारण ६.६५ मिमी असतो, म्हणजे तुम्ही खरंच मधोमध असाल तर स्टडची पातळ साल तेवढी उरते आणि ती सुईने उचकटून स्प्रिंगसारखी निघते. मधोमध नसाल तर तिथेच थांबा. आटे गेले तर हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसतं, त्याला ८.३ मिमीच्या आसपास भोक आणि त्याच्याच सेटमधला टॅप (आटे पाडायचं हत्यार) लागतो. हेलिकॉइल म्हणजे जुगाड असं समजणारे पुष्कळ आहेत, पण ॲल्युमिनियममध्ये ते मूळ आट्यांपेक्षा मजबूत असतं.

माझ्या गाडीला यातलं काहीच चाललं नाही, कारण आत ते ईझी आऊट होतं. शेवटी हेड उतरवून भोसरीच्या एका टूलरूममध्ये स्पार्क मशीनवर नेलं. तिथे ठोकाठोक काही नाही. हेड तेलाच्या टाकीत बुडवलेलं, वरून पेन्सिलीएवढा तांब्याचा इलेक्ट्रोड सावकाश खाली येतो, निळसर ठिणग्या तडतडतात, काळा गाळ वर येतो, आणि कितीही कडक पोलाद असो, जळून जातं. आटे शाबूत राहिले. त्या कामाचे पैसे फार नव्हते. खर्च झाला तो हेड उतरवण्या-चढवण्याचा, हेड गॅस्केटचा, टायमिंग बेल्टचा. म्हणजे दुसऱ्याने आत तोडून ठेवलेल्या बोटभर हत्यारासाठी अर्धं इंजिन उघडलं. तुमच्यावर ही वेळ आली तर पुण्याला यायची गरज नाही, आंबा घाट चढून कोल्हापूरला जा. शिरोली, गोकुळ शिरगाव भागात साचे करणाऱ्या टूलरूम आहेत.

नवा स्टड हार्डवेअरच्या दुकानातला नको. निदान ८.८ ग्रेडचा (हा मजबुतीचा आकडा), आणि जुना एक बदलताय तर सगळेच बदला, त्यांचंही वय तेवढंच आहे. स्टड हेडमध्ये हाताने बसवून जेमतेम टेकवायचा. आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा. नट पितळी किंवा तांब्याचा मुलामा दिलेले, म्हणजे पुढच्या वेळी स्टडऐवजी नट हार मानेल. टॉर्क (आवळायचा जोर) मॅन्युअलमधला पाळा, आणि अँटी-सीझ लावल्यावर तेवढ्याच टॉर्कला ताण जास्त येतो हे धरून थोडा कमी ठेवा. मधून सुरुवात करून टोकांकडे. इंजिन एकदा पूर्ण गरम करून, थंड झाल्यावर परत तपासा.

तुमचं गॅस्केट मुळात का फुटलं, याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. मला मॅनिफोल्डचाच संशय आहे. बिडाचा तो लांब तुकडा तापून टोकाला उचलला जातो, म्हणूनच स्टड टोकाचा तुटतो. तो आत्ता मोकळाच पडलाय, तर त्याच्या फेसवर सरळ पट्टी ठेवा, टोकाखाली फिलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा) कोणतं पान जातं बघा आणि तो आकडा इथे लिहा. फेसिंग, म्हणजे मशीनवर तो फेस सपाट, करून घ्यायचं की नाही ते त्यावरून सांगता येईल.