९९०० एमएएचचा सेल आणि इतर थापा

टॉर्चच्या सेलबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा, असं गेल्या खेपेला लिहिलं होतं. प्रश्न आले, पण निम्मे व्हेपचे, म्हणजे ई-सिगारेटचे. दोन्हीकडे सेल तोच, १८६५० नावाचा लिथियमचा, असल्यामुळे सगळे एकत्रच घेतो.

प्रश्न : व्हेपचं लिक्विड आपल्याकडेच बनवलेलं कुठे मिळेल? चिनी माल नको आहे. (पुणे)

कुठेच नाही, निदान उजळ माथ्याने तरी नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश आला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, साठवणं आणि तिची जाहिरात करणं, सगळ्यावर देशभर बंदी आहे. ‘आमच्यात निकोटीन नाही’ ही पळवाटही चालत नाही, कारण व्याख्येत निकोटीन असलेलं आणि नसलेलं दोन्ही येतं. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पानटपरीमागून जी ‘लोकल’ बाटली मिळते, ती कोणी, कुठे, कशात कालवली हे विचारायला दारच नाही. चिनी माल नको म्हणता, पण या बाटलीला तर गावही नाही.

प्रश्न : मी लेस्टरला असतो. सिगारेट सोडून व्हेपवर आलो. इथे ब्रिटनमध्ये बनलेलं चांगलं लिक्विड कसं ओळखायचं? बायको म्हणते, घरच्या व्हॅनिला इसेन्सचे चार थेंब टाकून बघ. (लेस्टर)

वहिनींना आधी थांबवा. स्वयंपाकातलं इसेन्स पोटात जाण्यासाठी असतं. त्यात तेल असेल, तर ते तापवून फुफ्फुसात ओढणं म्हणजे दुखणं विकत घेणं. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांत फुफ्फुसांच्या आजाराची लाट आली. इस्पितळात दाखल झालेले आणि दगावलेले मिळून २,८०७ जण नोंदले गेले, त्यांतले ६८ गेले. बहुतेकांनी गांजाच्या अर्काची बाहेरून मिळवलेली काडतुसं ओढली होती आणि मुख्य संशय ठरला तो त्यांत घातलेल्या ‘व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट’वर. ते तेलकटच.

आता बाटली. तिच्यावरचा ब्रिटिश झेंडा हा पुरावा नव्हे, झेंडा कोणीही छापतो. निकोटीनचं लिक्विड १० मि.ली.पेक्षा मोठ्या बाटलीत आणि मिलीलिटरला २० मि.ग्रॅ.पेक्षा कडक विकता येत नाही. ते विकण्याआधी एमएचआरए या सरकारी यंत्रणेकडे नोंदवावं लागतं आणि नोंदलेल्या मालाची यादी तिथे खुली असते. बाटलीवर बॅच नंबर आणि बनवणाऱ्याचा पत्ता बघा. मोठी बाटली दिसली तर ती बिननिकोटीनची ‘शॉर्टफिल’ असणार. तिच्या ५० मि.ली.मध्ये मिलीलिटरला १८ मि.ग्रॅ. निकोटीनचा १० मि.ली. ‘शॉट’ ओतला की मिलीलिटरला ३ मि.ग्रॅ.चं लिक्विड तयार. १ जून २०२५ पासून वापरून फेकायचे व्हेप तिथे विकायला बंदी आहे, तरी एखादा दुकानदार ते काउंटरखालून काढू लागला, तर त्याच्याकडून लिक्विडही घेऊ नका.

प्रश्न : रात्रीच्या पाळीला पाणी द्यायला जातो. टॉर्चसाठी ९९०० एमएएचचा सेल घेतला, अर्ध्या तासात मान टाकतो. चार्जर खराब असेल का? (सिन्नर)

चार्जर बिचारा निर्दोष आहे. हा सेल म्हणजे १८६५०, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज साठते त्याचं माप. एवढ्या डबीत आजच्या घडीला साधारण ३५०० एमएएचच्या आसपासच मावतं. ९९०० लिहिलेला सेल म्हणजे लिटरच्या मापात तीन लिटर दूध.

सोनाराकडचा नाहीतर किराणावाल्याचा छोटा काटा घ्या. खरा सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. पुण्याच्या तापकीर गल्लीतून मी असाच एक चकचकीत सेल आणला होता, तो ३१ ग्रॅम भरला. उरलेली जागा कशाने भरली होती कोण जाणे. लिथियमचा सेल फोडून बघायचा नसतो, म्हणून मीही फोडला नाही.

प्रश्न : माझ्या मॉडला (सेल बदलता येणाऱ्या व्हेपला) एकच १८६५० लागतो. ३००० एमएएचचा घेतला, तरी ८० वॉटला गरम होतो. मोठ्या एमएएचचा घेऊ का? (लंडन)

नको, उलट होईल. एमएएच म्हणजे टाकीत पाणी किती. तुम्हाला बघायचाय तो नळ, म्हणजे सेल सतत किती अँपिअर देऊ शकतो. ८० वॉट भागिले उतरत आलेल्या सेलचे ३.२ व्होल्ट, झाले २५ अँपिअर. सर्किटमधली गळती धरा, २७-२८ होतात. सॅमसंगचा ३०क्यू ३००० एमएएचचा आहे, पण १५ अँपिअरचा. त्याच्याकडून २८ मागणं म्हणजे स्कूटरला ट्रॉली लावणं. त्याच कंपनीचा २५आर २५०० एमएएचचा, पण २० अँपिअरचा. एकाच मापाच्या डबीत एक वाढवलं की दुसरं बहुधा कमी होतं. एका सेलवर ४० वॉटच्या वर जाऊ नका. जास्तच हवं असेल तर दोन सेलचं मॉड घ्या. ते दोन्ही सेल एकत्र घेतलेले, एकत्रच चार्ज होणारे हवेत.

सेल खरोखर बनवणाऱ्यांतली नावाजलेली नावं : सॅमसंग, एलजी, पॅनासोनिक, मोलिसेल, मुराता (सोनीने आपला बॅटरीचा धंदा २०१७ मध्ये यांना विकला). बाकीचे बरेचसे वेष्टन चढवणारे. आणि हे बनवणारेच सांगतात की आमचे सुटे सेल व्हेपसाठी नाहीत. ते पटत असेल तर आतच बॅटरी असलेलं यंत्र घ्या. मला विचाराल तर तेच बरं.

बिनसर्किटच्या ‘मेक’ मॉडच्या मात्र वाटेला जाऊ नका. ०.१५ ओमची कॉइल (लिक्विड तापवणारी तार) भरलेल्या सेलमधून २८ अँपिअर ओढते आणि ‘पुरे’ म्हणणारं आत कोणी नसतं. २०१८ मध्ये फ्लोरिडात असंच यंत्र फुटून एक जण गेला.

प्रश्न : सेलचं प्लॅस्टिक थोडं फाटलंय. चालेल का? (ठाणे)

नाही. धन टोक म्हणजे फक्त वरचं बटण, बाकी अख्खी डबी ऋण. दोघांमध्ये ते कागदाएवढं प्लॅस्टिक आणि एक पांढरी चकती. खिशात किल्ल्या नि चिल्लर असेल तर शॉर्ट व्हायला एक नाणं पुरतं. नवीन वेष्टन हीट-श्रिंकचं, दहा-वीस रुपयांत मिळतं. डबीला पोचा आला असेल तर तेवढाही खर्च करू नका, सेल टाका. चांगले सेल प्लॅस्टिकच्या डबीतच न्या.

प्रश्न : दिवाळीला घरी येतोय. व्हेप आणि सुटे सेल बॅगेत टाकू? (पुन्हा लेस्टरहूनच)

सेल चेक-इन सामानात कधीच नाही. हातातल्या बॅगेत, प्रत्येक टोक झाकून. व्हेप तिथेच ठेवून या. आयातही बंदीतच येते, विमानतळावर जप्त झालं तर परत मागायला जागा नाही.

प्रश्न : मेलेले सेल कचऱ्याच्या गाडीत टाकले तर? (कोल्हापूर)

गाडीत कचरा दाबला जातो, तिथे ते पेट घेतात. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून बरणीत साठवा आणि महापालिकेच्या किंवा एखाद्या संस्थेच्या ई-कचरा संकलनाला द्या. बरणी प्लॅस्टिकची हवी, बिस्किटांचा पत्र्याचा डबा नको.