तलावाकाठच्या भेगा

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीत पोहण्याच्या तलावाभोवतीच्या काँक्रीटला भेगा पडल्या आहेत. गेल्या वर्षी सिमेंटची पेस्ट ओतून त्या बुजवल्या होत्या, पण त्या पुन्हा उघडल्या. आता सगळीकडे नवा थर द्यावा का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : थराची घाई करू नये. आधी भेगेच्या दोन्ही काठांवर पेन्सिलीने खुणा करून त्यांतील अंतर पहाटे आणि भर दुपारी मोजावे. तापमान ३० अंशांनी वाढले, तर १० मीटर लांबीचे काँक्रीट सुमारे ३ मिलिमीटर प्रसरण पावते, आणि त्या हालचालीसाठी सांधा (मुद्दाम सोडलेली फट) ठेवलेला नसेल, तर ते स्वतःच तो पाडून घेते. अंतर बदलत असेल, तर ती भेग म्हणजे असाच सांधा समजावा. तिथे कडक सिमेंट टिकणार नाही, खाच कापून लवचिक पॉलियुरेथेन सीलंटच (रबरासारखे ताणले जाणारे भरण) भरावे लागेल.

नंतर हातोडीने हलकेच ठोकून पाहावे. जिथे पोकळ आवाज येईल, तो भाग फोडून पुन्हा भरल्याशिवाय वर काहीही चढवू नये. कंत्राटदार हीच पायरी हमखास गाळतात. मग पॉलिमरमिश्रित मॉर्टरचा (सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा) थर सकाळी लवकर, ओलसर पण पाणी न साचलेल्या पृष्ठभागावर द्यावा आणि खालचे सांधे त्यातही कापून घ्यावेत. रंग फिकट असावा, म्हणजे अनवाणी पाय भाजणार नाहीत. गुळगुळीत फरशीचा मोह मात्र टाळावा, कारण ओल्या पायांनी तिथे घसरायला होते. काम पावसाळ्यापूर्वी आटोपावे.