आहारतक्ता देण्यापूर्वी

चि. विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

लठ्ठपणाच्या ओपीडीतील तुझ्या टिपणांत ‘रुग्ण पथ्य पाळत नाही’ हा शेरा वारंवार दिसतो. मीही तो अनेक वर्षे लिहिला आहे, आणि त्याची खंत मला आजही वाटते. म्हणूनच तो लिहिण्याआधी त्या व्यक्तीचे लक्ष कसे चालते, हे विचारत जा; कारण त्यामागे एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे आणि आवेग आवरणे अवघड करणारी मेंदूच्या विकासातली अवस्था, असू शकते.

अशा व्यक्तीची सकाळी वस्तू शोधण्यात वेळ गेल्याने न्याहारी राहते, डबा घरीच विसरतो, काम करताना भूक जाणवत नाही, आणि रात्री स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चिवड्याचा डबा संपतो. पोट भरल्याचे कळते तेही उशिराच. अशा माणसाला कोणत्या पदार्थात किती उष्मांक असतात हे बहुधा तोंडपाठ असते. अडते ते आधी बेत आखण्यात आणि इच्छा झाल्यावर क्षणभर थांबण्यात, आणि आपला तक्ता नेमकी हीच दोन कौशल्ये गृहीत धरतो.

२०१६ साली ४२ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात एडीएचडी असलेल्या प्रौढांत लठ्ठपणाचे प्रमाण सुमारे २८ टक्के, तर इतरांत सुमारे १६ टक्के आढळले. तरीही हा संबंध म्हणजे कार्यकारण नव्हे. वजन वाढल्याने झोपेत श्वास अडखळत असेल, तर दिवसा लक्ष लागत नाहीच. म्हणून घोरण्याविषयी आणि दिवसा येणाऱ्या पेंगेविषयी आधी विचार. मग शाळेतल्या दिवसांविषयी विचार, कारण एडीएचडीची काही लक्षणे बाराव्या वर्षाआधीच दिसलेली असावी लागतात. निदान मात्र मानसोपचारतज्ज्ञांनीच करावे. औषध सुरू झाले, तर दुपारी मंदावलेली भूक त्याचा प्रभाव ओसरल्यावर संध्याकाळी जोराने परतू शकते, हे ध्यानात ठेवून दुपारचे जेवण आखावे लागते.

अशा रुग्णाला दीर्घ उपवास सुचवण्याची घाई मला धोक्याची वाटते, विशेषतः खाण्यावरचा ताबा पूर्ण सुटण्याचे प्रसंग आठवड्याला घडत असतील तर. त्याऐवजी जेवणाच्या वेळी मोबाईलचा गजर, दाराशी टांगलेली डब्याची पिशवी आणि खाऊ वाटीत काढून, बसून खाणे, यांतले एकच काहीतरी पंधरा दिवसांसाठी दे.

दोन-तीन भेटींनंतर जे यायचे थांबले, त्यांच्या फाईली या आठवड्यात काढून ठेव. त्यांना फोन करून पुन्हा बोलावू या.