बीजासाराची रोपे: बियांची की बाटलीतली?

प्रश्न: आमच्या मंडळाने चोरलच्या बाजूला एका सभासदाच्या पडीक जमिनीवर बीजासाराची पाचशे झाडे लावायचे ठरवले आहे. लहानपणी आमच्या घरी आजोबांसाठी बीजासाराचा पेला होता; आता ते झाड पाहायलाही मिळत नाही. एक सभासद म्हणतात की बियांचा भरवसा नसतो, तेव्हा प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने (टिश्यू कल्चरने) केलेली एकसारखी रोपेच घ्यावीत. आपले मत काय?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर: सभासदांचे निम्मे म्हणणे खरे आहे. महाराष्ट्रात बिबळा म्हणून ओळखले जाणारे हे झाड लाकडासाठी आणि औषधासाठी इतके तोडले गेले की आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ते आज ‘संकटसमीप’ म्हणून नोंदलेले आहे. शिवाय त्याच्या चपट्या, पंखधारी शेंगेचे कवच टणक असल्यामुळे बी कमी आणि मागेपुढे रुजते.

प्रयोगशाळेत डोळ्यासह पेराचा लहानसा तुकडा निर्जंतुक करून क्षार, साखर आणि संप्रेरके घातलेल्या अगर या जेलीसारख्या माध्यमावर बाटलीत ठेवतात. सायटोकायनिन या संप्रेरकामुळे त्यातून अनेक कोंब फुटतात, ते सुटे करून ऑक्सिन या दुसऱ्या संप्रेरकाच्या साहाय्याने त्यांना मुळे आणवतात. वाचायला सोपे वाटणारे हे काम बीजासारात मात्र अडते, कारण कापलेल्या जागेतून झिरपणारी फिनॉलयुक्त द्रव्ये माध्यम तपकिरी करतात आणि तुकडा मरतो. त्यासाठी अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल किंवा कोळशाची पूड वापरावी लागते. जून झाडाचे तुकडे तर रोपांच्या तुकड्यांपेक्षा कितीतरी हट्टी असतात. म्हणूनच पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी शंभर वर्षे वयाच्या सागापासून अशी रोपे तयार केल्याचे 1980 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याचे महत्त्व मोठे होते. बाटलीतून निघालेल्या कोवळ्या रोपाची पानेही बाहेरच्या कोरड्या हवेला तयार नसतात. त्याला काही आठवडे दमट सावलीत हळूहळू सरावावे लागते, आणि पुष्कळ रोपे याच टप्प्यावर दगावतात.

पण ज्या ‘एकसारख्या’ रोपांचे आपल्या सभासदांना कौतुक आहे, तेच मला खटकते. एका मातृवृक्षापासून केलेली पाचशे रोपे म्हणजे वंशाच्या दृष्टीने एकच झाड पाचशे ठिकाणी लावणे होय. फर्निचरच्या लाकडासाठी लागवड असती तर ते चालले असते. जंगल राखायचे असेल तर एखादा रोग त्या एका झाडाला मारक ठरला की सगळीच जातील. आपल्याकडे बी मिळते आहे, तोवर वनविभागाची परवानगी घेऊन एकमेकांपासून लांब असलेल्या वीस-पंचवीस झाडांच्या शेंगा गोळा कराव्यात, कडा कापून एक-दोन दिवस पाण्यात भिजवाव्यात आणि रोपवाटिकेत पेराव्यात. थोडी रोपे कमी उगवतील, एवढेच. जिथे मोजकीच झाडे उरली आहेत आणि बी धरतच नाही, तिथे प्रयोगशाळेवाचून गत्यंतर नाही; तिथेही मातृवृक्ष जितके जास्त तितके चांगले.

प्रश्न: चंबळच्या बिहडांतील (खोल घळींतील) गुग्गुळासाठीही प्रयोगशाळाच लागेल का?
– एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर: सहसा नाही. डिंकासाठी खोलवर चिरा पाडल्यामुळे खंगलेले हे झुडूप लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ असले, तरी त्याच्या बोटभर जाडीच्या फांदीचे छाट पावसाळ्याच्या तोंडावर लावल्यास बहुधा मुळे धरतात. गंमत अशी की गुग्गुळाचे बी पुष्कळदा परागाशिवायच तयार होते, म्हणजे त्यातून उगवणारे रोपही आईचीच प्रत असते. त्यामुळे छाट घ्या वा बी, ते वेगवेगळ्या बिहडांतील झुडपांचे घ्यावे.