काकांच्या डब्यातली डाइम: सराफाकडे जाण्याआधी भिंग घ्या

अमेरिकेत नोकरी केलेल्या काकांच्या डब्यात चौदा डाइम, म्हणजे अमेरिकेची दहा सेंटची नाणी, निघाली, सराफ चांदीच्या वजनावर घ्यायला तयार आहे, द्यावीत का, असं तुम्ही विचारलंय. आज तरी देऊ नका. आणि चिंच-मीठ, रांगोळी, टूथपेस्ट, काहीही लावून उजळवू नका. माझ्या हातून एक बार्बर डाइम, म्हणजे १९१६पर्यंतच्या जुन्या नमुन्याचं, असंच घासलं गेलं. काळपटपणा गेला, पण बारीक ओरखडे कायमचे राहिले, आणि जाणकार ते पहिल्या नजरेत ओळखतो.

चांदी ओळखणं सोपं आहे. १९६४पर्यंतच्या डाइममध्ये ९० टक्के चांदी, बाकी तांबं. वजन अडीच ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या चांदीच्या पावलीपेक्षा जरा हलकं. १९६५पासून चालू डाइममधून चांदी गेली. त्यांच्या कडेला तांब्याची लालसर रेघ दिसते आणि वजन २.२७ ग्रॅम भरतं. लोहचुंबकाला दोन्ही चिकटत नाहीत, त्यामुळे त्या परीक्षेवर विसंबू नका.

राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या चेहऱ्याची डाइम १९४६ची आणि पुढची. तुमच्याकडची वापरात झिजलेली दिसतात. १९६४पर्यंतच्या अशांना सहसा त्यातल्या सव्वादोन ग्रॅम चांदीइतकीच किंमत येते. ती सराफाला दिलीत तरी फारसं बिघडत नाही.

माझा जीव अडकलाय तो पंखांची टोपी घातलेल्या चेहऱ्याच्या नाण्यांत. लोक त्याला मर्क्युरी, म्हणजे पंखांच्या टोपीचा रोमन देव, म्हणतात, पण ती स्वातंत्र्यदेवता आहे; पंख विचारस्वातंत्र्याचे. शिल्पकार अॅडॉल्फ वाइनमन, काळ १९१६ ते १९४५. तुमच्या यादीत एक १९१६चं आहे. ते आधी बाजूला काढा. मागच्या बाजूला काठ्यांची मोळी आहे; तिच्या बुडाशी डावीकडे, ‘ONE’मधल्या शेवटच्या अक्षराजवळ टांकसाळीची खूण शोधा. काहीच नसेल तर फिलाडेल्फिया. तिथे त्या वर्षी ही डाइम दोन कोटींहून जास्त पाडली. ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को. ‘डी’ असेल तर डेन्व्हर, आणि तिथे फक्त २,६४,००० पाडली. झिजून गुळगुळीत झालेलं असलं तरी ते शेकडो डॉलरला जातं.

म्हणूनच फसवणूकही इथेच जास्त. साध्या १९१६वर ‘डी’ चिकटवून विकतात. दहापट भिंगातून अक्षराच्या मुळाशी सांधा किंवा रंगात फरक दिसतो का बघा. अस्सल नाण्यांसाठी मागच्या बाजूचे चारच ठसे वापरले, त्यामुळे ‘डी’ कुठे बसतो त्या जागा ठरलेल्या आहेत. ‘डी’ दिसलाच तर पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी पारखणाऱ्या कंपन्यांकडून तपासून घेतल्याशिवाय विकू नका, तो खर्च वसूल होतो.

बाकीच्यांत १९२१ आणि १९४२ बघा. १९२१ची फिलाडेल्फिया आणि डेन्व्हर दोन्हीकडे कमी निघाली. १९४२मध्ये २च्या पोटात १ दिसला तर तो आधीच्या वर्षाचा ठसा, त्याला चांगली मागणी आहे. आणि १९२२, १९३२ किंवा १९३३चं डाइम कुणी दाखवलं तर हात लावू नका, त्या वर्षी डाइम पाडलीच नव्हती.

आता त्या १९१६च्या मागच्या बाजूचा फोटो टाका. फ्लॅश नको, खिडकीचा तिरका उजेड, आणि नाणं फक्त कडांना धरून.